अंगावरून वारे गेले



घरातला धडधाकट माणूस पानावरून उठता उठता कोसळतो. एक हात, एक पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते, जीभ अडखळते किंवा पार मुकी होते. शेजारीपाजारी जमतात आणि हलक्या आवाजात एकमेकांना सांगतात, 'अंगावरून वारे गेले.' हा वाक्प्रचार आपण इतक्या सहज वापरतो, की त्याच्या पोटात एक संपूर्ण वैद्यकशास्त्र दडले आहे हे ध्यानातच येत नाही. 'अर्धांगवायू' हाही वाराच. 'पक्षाघात' म्हणजे शरीराच्या एका बाजूचा घात. 'लकवा' हा अरबीतून आपल्याकडे आलेला शब्द, तो मुळात वाकड्या झालेल्या तोंडाचे नाव होता. ग्रीक लोक 'अपोप्लेक्सिया' म्हणत, म्हणजे तडाखा बसून खाली पडणे; आणि इंग्रजीतला 'स्ट्रोक' हा त्याच तडाख्याचा वारस. कोणाला वारा दिसला, कोणाला अदृश्य हाताचा तडाखा दिसला. रक्त मात्र यांतल्या एकाही शब्दात नाही.

या वाऱ्याच्या जागी रक्त कसे आले, त्याची हकीकत मला आज सांगावयाची आहे. ती फार लांबची आहे आणि तिच्यात मोठमोठ्या विद्वानांच्या घोडचुका आहेत. माणसाच्या डोक्यात जी वस्तू नाहीच, ती सुमारे साडेतेराशे वर्षे सगळ्यांना तेथे दिसत होती, एवढे आधीच सांगून ठेवतो.

पण त्यापूर्वी थोडे घरचे. मी लहान असताना आमच्या वाड्यात अण्णा म्हणून एक गृहस्थ राहत. एका सराफी पेढीवर ते हिशेब लिहीत, अक्षर मोत्यासारखे. एका रात्री ते अंथरुणावरून उठले आणि दाराच्या चौकटीशी पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाडा जागा झाला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी गरम तेल चोळले, एका आजीबाईंनी पारव्याचे रक्त अंगाला लावावे असे ठासून सांगितले. डॉक्टर सकाळी आले. त्यांनी हातोडीने गुडघे तपासले, रक्तदाब पाहिला आणि अण्णांच्या पत्नीला बाजूला घेऊन म्हणाले, 'आता वाट पाहायची.' त्या डॉक्टरांना दोष देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. त्या काळी याहून अधिक काही लंडनच्या डॉक्टरालाही करता आले नसते. का करता आले नसते, हेच या व्याख्यानात कळेल.

आपल्या आयुर्वेदाने या रोगाचे वर्णन किती नेमके केले आहे ते पाहण्यासारखे आहे. कुपित वायू शरीराची उजवी किंवा डावी बाजू धरतो, तेथल्या शिरा आणि स्नायू शोषतो, हालचाल बंद पडते, बोलणे अडते, असे चरकसंहिता सांगते. सुश्रुताने तर वर, खाली आणि आडव्या जाणाऱ्या धमन्यांत हा वायू शिरतो असे म्हटले आहे. 'धमनी' हा शब्द येथे वाचून आपल्यापैकी काहींचे मन लगेच उसळेल, की पाहा, आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते. तसे म्हणण्याचा मोह टाळावा. सुश्रुताची धमनी म्हणजे आजच्या शरीरशास्त्रातली रक्ताची रोहिणी नव्हे, आणि तिच्यातून जाणारा वायू म्हणजे रक्त नव्हे. शिवाय या वर्णनात आजार हातापायात आहे; डोक्यात नाही. रोग्याकडे डोळसपणे पाहणे निराळे आणि रोगाचे कारण उलगडणे निराळे. पहिले काम आपल्याकडे उत्तम झाले होते.

ग्रीकांकडेही तेच. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांना दोन गोष्टी ठाऊक होत्या. जोराचा तडाखा बसलेला रोगी बरा होत नाही, ही एक. डोक्याच्या एका बाजूला जखम झाली तर झटके शरीराच्या दुसऱ्या बाजूला येतात, ही दुसरी. गळ्याच्या दोन्ही बाजूंना ज्या मोठ्या रोहिण्या उडताना हाताला लागतात त्यांना त्यांनी 'कॅरॉटिड' नाव दिले. त्या शब्दाच्या मुळाशी गुंगी हा अर्थ आहे, कारण त्या दाबल्या की माणसाला भोवळ येते. म्हणजे उत्तर अगदी बोटांखाली उडत होते! पण रक्त शरीरात फिरते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. रक्त यकृतात तयार होते आणि शेतात पाणी जिरावे तसे अवयवांत जिरून जाते, अशी समजूत होती. ज्याला प्रवाह माहीत नाही त्याला प्रवाह तुंबण्याची कल्पना सुचणार तरी कशी?

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन हा थोर वैद्य होऊन गेला. त्याला माणसाचे प्रेत फाडता येत नसे. त्याने बैल, डुकरे, बकऱ्या, माकडे फाडली. बैलाच्या मेंदूच्या बुडाशी त्याला बारीक रोहिण्यांचे एक दाट जाळे आढळले, कोळ्याच्या जाळ्यांच्या थरावर थर ठेवावेत तसे. या 'अद्भुत जाळ्या'त हृदयाकडून आलेला प्राण गाळला जाऊन त्याचे सूक्ष्म मनःप्राणात रूपांतर होते, आणि तो मेंदूच्या पोकळ्यांत साठून नसांतून अंगभर जातो, असे त्याने ठरविले. मग पक्षाघात म्हणजे काय? तर त्या पोकळ्यांत घट्ट कफ साचून प्राणाची वाट अडणे. मांडणी इतकी सुबक होती की युरोप आणि अरबस्तान यांतल्या वैद्यांनी ती शिरोधार्य मानली.

मात्र एक अडचण होती. माणसाच्या डोक्यात ते जाळे नाहीच!

इटलीतल्या बेरेंगारिओ दा कार्पी या शरीरशास्त्रज्ञाने शंभरावर डोकी उघडून पाहिली आणि १५२१ च्या सुमारास आपल्याला जाळे सापडत नाही असे लिहिले. त्याच्यानंतरचा अंद्रेआस व्हेसॅलिअस हा शरीरशास्त्राच्या इतिहासातला सगळ्यात मोठा माणूस. पण १५३८ साली त्यानेही आपल्या चित्रांत हे जाळे माणसाच्या डोक्यात काढले. अवघ्या पाच वर्षांनी, १५४३ साली, आपल्या महाग्रंथात त्याने स्वतःची चूक उघड कबूल केली. पूर्वी माणसाचे डोके विद्यार्थ्यांपुढे फाडताना आपण बैलाचे किंवा कोकराचे डोके जवळ तयार ठेवीत असू, कारण जाळे दाखवावयाचे तर ते त्याच डोक्यात दिसे, असे तो सांगतो. केवढा हा मोकळेपणा! समोरच्या टेबलावर सत्य पडलेले असताना शेजारच्या बैलाच्या डोक्याकडे बोट करावयाचे, हे शेकडो वर्षे चालले होते. आपल्यातल्या शिक्षकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

जाता जाता सांगावयास हवे की बैलातले, बकरीतले, हरणातले ते जाळे खरेच आहे आणि त्याला काम आहे. नाकाकडून थंड होऊन आलेल्या रक्ताशी सलगी करून ते मेंदूकडे जाणारे रक्त गार करते. भर उन्हात पळणाऱ्या काळविटाचे अंग तापते, पण मेंदू त्या मानाने थंड राहतो. माणसाला ती सोय नाही.

व्हेसॅलिअसने जाळे काढून टाकले, पण त्याच्या जागी काय ठेवावयाचे हे त्याला सांगता आले नाही. ते सांगता येण्यासाठी विल्यम हार्वी यावा लागला. हृदय हा पंप आहे आणि तेच ते रक्त रोहिण्यांतून जाऊन नीलांतून परत येते, हे त्याने १६२८ साली सिद्ध केले. रक्त वाहते आहे असे ठरल्यावर ते थांबले तर, किंवा पात्राबाहेर फुटले तर, हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

तो प्रश्न नीट विचारला स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या एका वैद्याने. योहान याकोब वेप्फर हे त्याचे नाव. जन्म १६२० चा. हा कोणा मोठ्या विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता, गावचा नेमलेला वैद्य होता. मला या माणसाविषयी विशेष आदर वाटतो, तो याच कारणासाठी. गावातल्या इस्पितळात मरण पावणाऱ्यांची प्रेते उघडून पाहण्याची परवानगी त्याने गावच्या कारभाऱ्यांकडून मिळविली होती. मोठ्या शहरातल्या शरीरशास्त्रज्ञांपुढे येणारे प्रेत बहुधा फाशी गेलेल्या अनोळखी माणसाचे असे. त्याला हयातीत काय होत होते, कोण सांगणार? वेप्फरपुढे येणारा माणूस त्याने आठवडाभर तपासलेला असे. कोणती बाजू गेली, शुद्ध केव्हा हरपली, आधी डोके दुखत होते काय, हे सारे त्याला ठाऊक असे. पक्षाघाताने गेलेल्या अशा रोग्यांचे मेंदू त्याने उघडले, तेव्हा पोकळ्या अडविणारा कफ त्याला सापडला नाही. सापडले रक्त, रोहिणी फुटून मेंदूत सांडलेले, साकळलेले रक्त. १६५८ साली त्याने आपला ग्रंथ छापला. गळ्यातून आणि मानेच्या मणक्यांतून मेंदूत शिरणाऱ्या रोहिण्यांचा मार्ग त्याने दाखविला, गॅलेनचे जाळे माणसात नाही हे पुन्हा सांगितले, आणि रोहिणी फुटून मेंदू बिघडतो तसाच ती तुंबूनही बिघडेल असे लिहून ठेवले.

आणखी एक गोष्ट. हा रोग कोणाला गाठतो, याची त्याने नोंद केली आहे. लठ्ठ माणसांना, ज्यांचा चेहरा आणि हात काळेनिळे पडतात त्यांना, आणि ज्यांची नाडी सदैव अनियमित चालते त्यांना. ही शेवटची नोंद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता ऑक्सफर्डला जाऊ. तेथे त्याच सुमारास थॉमस विलिस नावाचा वैद्य होता. त्याची कीर्ती प्रथम झाली ती एका विलक्षण प्रसंगाने. १६५० च्या डिसेंबरात अ‍ॅन ग्रीन नावाच्या एका मोलकरणीला बालहत्येच्या आरोपावरून फाशी दिले. अर्धा तास ती लटकत होती. प्रेत चिरफाडीसाठी विलिस आणि त्याचा सहकारी विल्यम पेटी यांच्याकडे आले. पेटी उघडून पाहतात तो घशात घरघर! दोघांनी सुऱ्या बाजूला ठेवल्या, तिचे हातपाय चोळले, ऊब दिली आणि तिला जगविले. पुढे तिची शिक्षा माफ झाली, लग्न झाले, मुलेबाळे झाली. फाशीचा प्रसंग मात्र तिला आठवत नव्हता. मेंदूचे रक्त अडले तर माणसाचे काय होते आणि काय होत नाही, याचा केवढा धडा विलिसला आपल्या तरुणपणीच मिळाला!

१६६४ साली विलिसचा 'मेंदूचे शरीरशास्त्र' हा लॅटिन ग्रंथ निघाला. चिरफाडीचे बरेच काम रिचर्ड लोअर या हुशार तरुणाने केले, आणि चित्रे काढण्यास हात लावला ख्रिस्तोफर रेनने. होय, तोच रेन, ज्याने पुढे लंडनचे सेंट पॉल देवालय बांधले! त्या वेळी तो ऑक्सफर्डला खगोलशास्त्र शिकवीत असे. या मंडळींनी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट केली. पूर्वीचे लोक मेंदू कवटीतच ठेवून वरून एकेक चकती कापीत खाली येत. बुडाशी पोहोचेपर्यंत तेथल्या नाजूक रोहिण्यांचा लगदा झालेला असे. यांनी मेंदू सबंध बाहेर काढला आणि उलटा करून बुडाकडून पाहिला.

उलट्या मेंदूवर त्यांना जे दिसले त्याला आज आपण 'विलिसचे कडे' म्हणतो. मेंदूला रक्त नेणारे चार नळ आहेत. दोन गळ्यातून पुढच्या बाजूने येतात, ते कॅरॉटिड. दोन मानेच्या मणक्यांच्या भोकांतून मागच्या बाजूने चढतात. ते कवटीत शिरल्यावर एकमेकांना मिळून एक होतात. हे पुढचे आणि मागचे नळ मेंदूच्या बुडाशी आखूड जोडनळ्यांनी परस्परांना जोडलेले असतात आणि त्यांचे एक वेडेवाकडे कडे बनते. या कड्यातून आणि त्याच्या आसपास मेंदूच्या निरनिराळ्या भागांना फाटे फुटतात.

कडे विलिसनेच पहिल्यांदा पाहिले असे नाही. त्याच्या आधी इटलीतल्या काहींनी त्याचे तुकडे पाहिले होते, वेप्फरनेही वर्णिले होते. विलिसचे श्रेय निराळे आहे. हे कडे कशासाठी, असे त्याने विचारले. एका बाजूच्या गळ्यातल्या रोहिणीत त्याने शाईने रंगविलेले पाणी पिचकारीने सोडले, तो दोन्ही बाजूंच्या फाट्यांत रंग उतरला. मग त्याला एक प्रेत मिळाले. हा गृहस्थ पोटातल्या मोठ्या गाठीने वारला होता. त्याची उजवी कॅरॉटिड कवटीत शिरते तेथे दगडासारखी कठीण होऊन जवळजवळ पार बुजली होती. अर्धा मेंदू उपाशी मरावयास हवा होता! पण या माणसाला हयातीत पक्षाघात म्हणून कधी झालाच नव्हता. विलिसने आणखी पाहिले, तो त्याच उजव्या बाजूची मणक्यांतून येणारी रोहिणी डावीच्या तिप्पट जाड झाली होती. एक नळ बंद पडला तसे दुसऱ्या नळाने आपले अंग वाढविले आणि कड्याच्या वाटेने त्या बाजूलाही पाणी पोचते ठेवले.

पुण्याच्या पेशवाईतल्या हौदांना कात्रजचा एक नळ पाणी आणी. तो फुटला की शहर कोरडे. निसर्गाने माणसाच्या डोक्याची व्यवस्था कात्रजसारखी एका नळावर सोपविली नाही. याचे कारणही तसेच आहे. मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके. पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा घेतो. मिनिटाला पाऊण लिटर रक्त त्याला लागते, जागेपणी आणि झोपेतही. स्नायू काही काळ उधारीवर चालतात. मेंदूपाशी शिल्लक जवळजवळ नसते. रक्त पूर्ण थांबले तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते आणि काही मिनिटांत न भरून येणारी हानी सुरू होते.

तर मग, कडे असताना पक्षाघात होतोच कसा? एक तर निम्म्याहून अधिक माणसांत हे कडे पुस्तकातल्या चित्रासारखे पुरते नसते; कोठे जोडनळी दोऱ्यासारखी बारीक, कोठे ती नाहीच. दुसरे, विलिसच्या त्या गृहस्थाची रोहिणी हळूहळू, वर्षानुवर्षे बुजत गेली असली पाहिजे, म्हणून दुसरीला वाढण्यास अवसर मिळाला. एकाएकी बुजली तर तो मिळत नाही. आणि तिसरे, कड्याच्या पुढे गेल्यावर ही सोय फारशी उरत नाही. पृष्ठभागावरच्या फाट्यांची टोके थोडीफार जुळतात, पण मेंदूच्या गाभ्यात घुसणाऱ्या सुईसारख्या बारीक रोहिण्या एकेकट्या असतात. ती एक गेली की तिचे शेत गेले. आणि दुर्दैव असे, की हातापायांकडे जाणारे सारे आज्ञातंतू याच गाभ्यातून, अरुंद खिंडीतून जावे तसे, एकवटून खाली उतरतात. वाटाण्याएवढी जागा मेली तरी अर्धे अंग जाते.

इटलीतल्या मार्चेल्लो माल्पीगीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि हार्वीच्या रक्ताभिसरणातला हरवलेला दुवा जोडला. त्याला स्वतःला १६९४ साली पक्षाघाताचे दोन झटके आले. दुसऱ्याने तो गेला. जॉर्जिओ बाल्यीवी याने त्याचा मेंदू उघडला तेव्हा आतली पोकळी साकळलेल्या काळ्या रक्ताने भरलेली होती. पुढे मोर्गान्यी या पादुआच्या प्राध्यापकाने साठ वर्षांच्या निरीक्षणांचा ग्रंथ आपल्या एकोणऐंशीव्या वर्षी, १७६१ साली, छापला. उजवी बाजू लुळी पडलेल्याच्या मेंदूत बिघाड डाव्या अंगाला सापडतो, हे त्याने रोग्यामागून रोगी देऊन पक्के केले. त्याचा गुरू व्हाल्साल्व्हा यानेही तेच पाहिले होते. आणि तोही १७२३ साली याच रोगाने गेला.

रोहिणी फुटते, तुंबते, हे एकदा कळले. पण का फुटते, का तुंबते? तुंबण्याचा उलगडा बर्लिनच्या रुडोल्फ फिर्खोने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला. रोहिणीच्या भिंतीवर जागच्या जागी गुठळी धरणे वेगळे, आणि दूर कोठे तरी धरलेली गुठळी सुटून प्रवाहाबरोबर वाहत येऊन अरुंद जागी अडकणे वेगळे, असा भेद त्याने केला. हृदयातून सुटलेली गुठळी थेट डोक्यात जाऊ शकते. येथे वेप्फरची ती अनियमित नाडी आठवा. हृदयाचा वरचा कप्पा नीट न आकुंचता नुसता थरथरत राहिला, की नाडी बेताल होते आणि कप्प्यात रक्त साकळते. आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप आकसलेल्या तरुण स्त्रियांना वयाच्या तिशीतच अर्धांगवायू झालेला डॉक्टरांनी किती तरी वेळा पाहिला आहे. लोक म्हणत, बाळंतपणात वारे लागले. पुष्कळदा ते वारे हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सुटलेले असे.

फुटण्याचा माग शार्को आणि बूशार या फ्रेंच जोडीने १८६८ साली काढला. मेंदूच्या गाभ्यातल्या बारीक रोहिण्यांवर त्यांना मोहरीच्या दाण्याएवढे फुगे दिसले. त्यांतले काही खरे फुगे नव्हेत असे पुढच्यांनी दाखविले, पण वर्षानुवर्षांच्या दाबाने या रोहिण्यांच्या भिंती झिजतात ही गोष्ट टिकली. फुटण्याचा आणखी एक प्रकार आहे. कड्याच्याच एखाद्या सांध्यावर जांभळाएवढा फुगा येतो आणि तो फुटला तर मेंदूभोवतालच्या आवरणाखाली रक्त पसरते. त्या वेळचे डोके दुखणे असे असते की रोगी 'डोक्यात वीज पडली' म्हणतो. हा फुगा चाळिशीतल्या निरोगी माणसालाही सोडीत नाही.

दाब म्हटला, पण तो मोजणार कसा? इटालियन डॉक्टर रिवा-रोची याने दंडाला पट्टी बांधून दाब मोजण्याचे साधन १८९६ साली काढले, आणि कोरोत्कॉव्ह या रशियन शल्यवैद्याने १९०५ साली नळीने ठोके ऐकण्याची पद्धत त्याला जोडली. मोजता येऊ लागले, तरी त्याचे करावयाचे काय हे पुढची चाळीस वर्षे कोणाला उमगले नाही. कित्येक नामवंत डॉक्टर म्हणत, म्हातारपणी रोहिण्या कठीण होतात, त्यांतून रक्त रेटावयाचे तर दाब वाढावयासच हवा. तो उतरविण्याच्या भानगडीत पडू नका. या मताची किंमत कशी पडली ते पाहा. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६ वर १०८ होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे स्टालिन आणि चर्चिल यांच्याबरोबर जगाची वाटणी चालली असता तो २६० वर १५० भरला. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे ते जलरंगातल्या चित्रासाठी बसले होते. डोक्याच्या मागे भयंकर दुखत आहे एवढे म्हणाले आणि कोसळले. त्या वेळी दाब ३०० वर १९० होता. काही तासांतच ते गेले. पृथ्वीवरच्या सर्वांत समर्थ राष्ट्राच्या प्रमुखाला देण्यासारखे औषध त्या दिवशी कोणाच्याच बॅगेत नव्हते. मीठ कमी करणे, विश्रांती आणि झोपेची गोळी, एवढाच उपचार.

आणि अवघ्या चार वर्षांनी त्या औषधाचा एक धागा आपल्या मुंबईतून निघाला, हे सांगताना मला अभिमान वाटतो. सर्पगंधा ही आपल्याकडच्या वैद्यांना चांगली परिचित वनस्पती. तिने वेड शमते आणि रक्तदाब उतरतो असे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघांनी १९३१ साली लिहिले होते, पण त्याकडे बाहेर कोणी लक्ष दिले नाही. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना पद्धतशीर देऊन पाहिली आणि १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटनमधल्या हृद्रोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने मन खिन्न होते असे पुढे आढळले, अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. तरीही दाब उतरविता येतो, हे दाखविणाऱ्या पहिल्या औषधांत ते होते. पक्षाघात येऊच नये यासाठी आजवर जे जे झाले, त्यात दाब उतरविण्याइतके मोठे काम दुसरे नसेल.

पण आलेल्या झटक्याचे काय? तेथे गाडी अडली होती. १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझने गळ्याच्या रोहिणीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रोहिण्यांचे चित्र प्रथम घेतले. १९५१ साली कॅनडाचे डॉ. मिलर फिशर यांनी पुन्हा वेप्फरचाच रस्ता धरला. एका अर्धांगवायूच्या रोग्याने त्यांना सांगितले, की झटका येण्यापूर्वी आपल्याला एका डोळ्याने मधूनमधून दिसेनासे होई, आणि तो डोळा लुळ्या बाजूचा नव्हे, दुसऱ्या बाजूचा. अडाण्याचे बोलणे म्हणून एखाद्याने हे सोडून दिले असते. फिशर विचारात पडले. त्या डोळ्याला आणि त्या बाजूच्या अर्ध्या मेंदूला रक्त देणारी रोहिणी एकच, गळ्यातली कॅरॉटिड! तोवर मेंदू तपासणारे कवटी उघडत, गळा उघडत नसत. म्हणजे माजघरातली तोटी तपासावयाची आणि गल्लीतला नळ पाहावयाचा नाही, असा प्रकार. फिशरनी प्रेतांचे गळे उघडले आणि तेथे तुंबलेल्या रोहिण्या सापडल्या. तीन वर्षांत लंडनला त्या तुंबाऱ्यावर शस्त्रक्रियाही झाली.

तरी मुख्य कोडे तसेच राहिले. जगभर बहुतेक झटके तुंबण्याचे असतात, उरलेले फुटण्याचे. दोहोंत हात लुळा पडतो, दोहोंत वाचा जाते. तुंबलेल्याला गुठळी विरघळविणारे औषध हवे. तेच फुटलेल्याला दिले तर त्याचा प्राण जाईल. नुसते पाहून खात्रीने निवाडा करणे कोणत्याही डॉक्टराला शक्य नव्हते. निवाडा होई तो मृत्यूनंतर. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डनच्या एका इस्पितळात गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने एका जिवंत स्त्रीच्या मेंदूची चकती, सुरी न लावता, पडद्यावर दाखविली. त्या चित्रात सांडलेले रक्त पांढरेशुभ्र उठून दिसते. वेप्फरला जे प्रेतात पाहावे लागले ते आता श्वास चालू असताना दिसू लागले. मग १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखविले, की झटक्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध दिले तर पुष्कळ रोगी आपल्या पायांवर घरी जातात. २००८ साली ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ पासून मांडीतून किंवा मनगटातून तार मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढणेही सिद्ध झाले. ते निवडक रोग्यांत अधिक उशिराही जमते.

हे जमते कशामुळे? विलिसच्या त्या कड्यामुळे आणि पृष्ठभागावरच्या जुळलेल्या टोकांमुळे. रोहिणी तुंबली की तिच्या शेताचा मधला भाग मिनिटांत करपतो. पण कडेच्या भागाला शेजारून थोडे थोडे पाणी मिळत राहते. तो गप्प पडतो, पण मेलेला नसतो. मोठी रोहिणी तुंबली असता दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. डॉक्टर घड्याळाकडे पाहत धावतात ते त्या कडेच्या पट्ट्यासाठी. रोग्याला स्वतःला दुखत नसते, आणि हाच यातला घातकी भाग आहे. छातीत कळ आली तर माणूस ओरडतो. हात लुळा पडला तर म्हणतो, अवघडला असेल, सकाळी पाहू.

अण्णा त्यानंतर नऊ वर्षे जगले. डाव्या हाताने लिहावयास शिकले. अक्षर काही पूर्वीसारखे आले नाही. बोलणे परतले नाही. पाणी हवे असले तरी 'पाणी' हा शब्द निघत नसे. तांब्याकडे बोट करीत आणि न जमल्याने रडत. पण संध्याकाळी शेजारी हरिपाठ सुरू झाला, की खाटेवर पडल्या पडल्या तेही म्हणू लागत, शब्दन् शब्द, सुरात. वाड्यातल्या बायका याला देवाची कृपा म्हणत. पुढे मला कळले, की बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या डाव्या मेंदूत, गळ्यातल्या डाव्या रोहिणीच्या सर्वांत मोठ्या फाट्यावर असतात, आणि पाठ असलेले, सुरात म्हटलेले शब्द मेंदूच्या इतर भागांच्या आधारानेही तोंडी येतात. तो फाटा त्या रात्री तुंबला होता की फुटला होता, हे मात्र कोणालाच कळले नाही. तेव्हा आमच्या जिल्ह्यात ते पाहणारे यंत्र नव्हते.